कारण म्हणजे तिकीट नव्हे

आमच्या दौंडच्या घरमालकांच्या उजव्या हाताला एक खोड होती. समोर कुणीही आलं की तो आपोआप पुढे व्हायचा. तळवा वर, बोटं जराशी आत वळलेली. दूधवाला आला, हात पुढे. पोस्टमन आला, हात पुढे. एकदा कुणाच्या तरी मयतीला गेले होते, तिथे रडत आलेल्या पाहुण्यापुढेही तो हात गेला. त्या बिचाऱ्याने काय समजून कोण जाणे, आपल्या हातातलं फूल त्यावर ठेवलं. यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. सगळी हयात रेल्वेत टी.सी. म्हणून गेलेली. रिटायर होऊन बरेच दिवस झाले होते, पण ते हाताला कुणी कळवलेलं नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. पोरं मुद्दाम येऊन त्यांच्या हातावर चिंचेचा पाला ठेवत. आबा तो नखाने टोचत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणत, "चला, पुढं सरका."

ते चालायचे पाय फाकवून, जणू अंगणातली फरशी हलतेय. घरात खुर्च्या असून उभ्यानेच चहा प्यायचे, दाराच्या चौकटीला खांदा टेकवून. दुपारी झोपले असताना यार्डात इंजिनाने शिट्टी दिली, की डोळे न उघडता म्हणायचे, "आगे चलो, भाई, आगे चलो." शेजारच्यांची एक मांजर रोज भिंतीवरून उडी मारून यायची. तिचं नाव त्यांनी बिनतिकिटी ठेवलं होतं. रोज तिला रागवायचे आणि रोज स्वतःच्या चहातलं दूध तिला पाजायचे. हे कायद्यात कसं बसतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दंड घेतल्यावर पुढं न्यावंच लागतं." मांजरीने दंड कधी भरला ते मात्र सांगितलं नाही.

त्यांच्या घरात आम्ही भाडेकरू कसे झालो, तेही सांगायला हवं. नवरा लोको शेडमध्ये फिटर, मी सरकारी दवाखान्यात नर्स, बरोबर सासूबाई. दोन पगारांचं घर, तरी खोली मिळेना. घरमालक आधी चहा विचारत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांच्या लक्षात येई की खोली पुतण्याला द्यायची ठरली आहे. दौंडात त्या साली पुतण्यांचं नुसतं पीक आलं होतं. आबांनी आडनाव विचारलंच नाही. हात पुढे करून म्हणाले, "कुठनं कुठवर?"

नवरा गोंधळला. म्हणाला, "हितनं... बदली व्हईपतुर."

"मग बसा."

आम्ही बौद्ध आहोत हे सासूबाईंनी आपणहून सांगितलं, तेही आवाज चढवून. त्या तशाच होत्या, भांडण व्हायचंच असेल तर उंबऱ्यावर होऊ दे म्हणणाऱ्या. आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाई, मी डब्यात कवा कुनाला इचारलं न्हाई," ते म्हणाले. "घरात कशाला इचारू?" त्या दिवसापासून आमच्या सासूबाई जगात दोनच पुरुषांना मान देत आल्या. एक गेलेले सासरे, आणि दुसरे आबा.

आबांचा स्वभाव मऊ होता असं मात्र कुणी समजू नये. "कारन सांगनारा मानूस खोटाच असतो असं न्हाई," ते म्हणायचे. "पन कारन म्हंजी तिकीट न्हवं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की दवाखान्यात औषध चुकवणाऱ्या पेशंटांना मीही तेच ऐकवू लागले.

आणि त्यांच्या सगळ्या नोकरीतला मोठा अभिमान कशाचा होता? दुसऱ्याच्या नावावर प्रवास करणारे पकडण्याचा. बिनतिकिटी कोणीही धरील, ते म्हणायचे, त्यात काय अक्कल लागते? खरी परीक्षा पास खरा आणि माणूस दुसरा असतो तिथे. यवतला त्यांनी असाच एक गडी खाली उतरवला होता, थोरल्या भावाच्या पासवर निघालेला. तो पाया पडला, रडला, म्हणाला, साहेब, आम्ही एका ताटात जेवतो. "मी म्हनलं, जेवा की," आबा सांगायचे. "ताट एक असू द्या. नाव दोन हायती." मग मिशीवरून हात फिरवायचे. ही गोष्ट ते पाहुण्यांना चहाबरोबर देत.

मला इंग्रजी बोलायला त्यांनीच शिकवलं. मला कॅनडाला जायचं होतं. हे मी कधी लपवलं नाही आणि त्याची लाजही बाळगली नाही. तिकडच्या एका इस्पितळात नर्सेस हव्या होत्या, माझ्या बरोबरीची एक मैत्रीण तिथे लागलीही होती, तिच्या पत्रांनी माझी झोप उडवली होती. तिकडे आडनावात कोणाला रस नाही, काम बघतात, असं ती लिहायची. मला वाचायला-लिहायला येत होतं, पण तोंड उघडायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. आणि अर्जाबरोबर इंग्रजीची परीक्षा पास झाल्याचा निकाल हवाच होता, तोही बोलण्यासकट.

आबांचं इंग्रजी जंक्शनवरच्या गोऱ्या-निमगोऱ्या गार्डांकडून आणि फर्स्ट क्लासातल्या बिनतिकिटी साहेबांशी भांडून तयार झालेलं. त्यामुळे त्यात प्रेमाचं, हवापाण्याचं एकही वाक्य नव्हतं. सगळी वाक्यं तक्रारीची. संध्याकाळी ओसरीवर शिकवणी चाले. मी प्रवासी, ते टी.सी. ते हात पुढे करून खेकसत, "ऑन व्हॉट अथॉरिटी?" आणि मी दवाखान्याची सगळी माहिती पूर्ण वाक्यांत द्यायची. मी कुठे अडले आणि "सॉरी" म्हणाले की ते भडकायचे.

"सॉरी म्हनायचं न्हाई, सिस्टर! इंग्रजीत सॉरी म्हनलं की दंड आलाच. नुसतं थांबा. इचार करा. मग बोला."

सासूबाई आत भाकऱ्या थापता थापता ऐकत. काही दिवसांनी त्याही हंडा-कळशीवर खेकसू लागल्या, "आन वाट अथारटी?" मुंबईला जाऊन मी परीक्षा दिली. समोरच्या बाईंशी असं ठणकावून बोलले की त्या खुर्चीत सरळ होऊन बसल्या. पेपर चांगला गेला होता, तोंडी त्याहून चांगली. निकाल परीक्षावाले परस्पर दिल्लीला वकिलातीकडे पाठवणार होते. मी मनातल्या मनात गरम कपडे विणायला घेतले.

आणि मग पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारण, अर्जदाराच्या भाषापरीक्षेचा निकाल मिळालेला नाही. फेरविचार हवा असल्यास ठरलेल्या मुदतीत निकालाचा पुरावा घेऊन समक्ष यावं. मुदत संपली की फाईल बंद, आणि इस्पितळाची जागाही दुसरीला.

निकाल मिळाला नाही म्हणजे काय? परीक्षावाल्यांना तार केली. उत्तर आलं, निकाल कधीच पाठवला आहे, कौसल्या या नावाने. वकिलातीकडे कौसल्या नावाची कुणी अर्जदारच नव्हती. त्यांच्याकडे होती यशोधरा.

आता हे समजायला मराठी माणसाला क्षणही लागत नाही, आणि बाकी जगाला कितीही सांगितलं तरी पटत नाही. मी शिरूरची. आईने माझं नाव कौसल्या ठेवलं, तिच्या आईचं. मॅट्रिकच्या सर्टिफिकिटावर तेच. लग्न होऊन दौंडला आले, आणि सासूबाईंनी लग्नाच्या मांडवातच जाहीर केलं की सुनेचं नाव यशोधरा. धम्म नवा घेतला, तर घरात येणाऱ्या सुनेचं नावही त्यातलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आईचं म्हणणं, धम्म तर आम्हीही घेतलाय, पण त्यासाठी माझ्या आईचं नाव पुसा असं कुणी सांगितलं? दोघीही आपापल्या जागी खऱ्या होत्या, म्हणून तर भांडण मिटेना. आई लग्नानंतर एकदाही दौंडला आली नव्हती. मी माहेरी कौसल्या, सासरी यशोधरा, आणि मला त्यात काही अडचण वाटली नव्हती. परीक्षेचा फॉर्म भरताना जन्मतारीख मॅट्रिकच्या सर्टिफिकिटावरून घेतली, नावही त्यावरचंच उतरवलं. पासपोर्ट निघाला रेशनकार्डावरून. दोन्हीकडे मी खरं तेच लिहिलं होतं.

आबांनी पत्र ओसरीत उभ्याने वाचलं, चौकटीला खांदा टेकवून. मला वाटलं, आता हा माणूस दिल्लीच्या नावाने गर्जेल. त्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

"काय?"

"नाव एक, पास दुसऱ्याचा. मी असतो तर मीबी उतरवलं असतं."

माझ्या डोक्यात सणक गेली. इतक्या संध्याकाळी या माणसापुढे उभी राहून मी घसा फोडला, तो कशासाठी? मी आत गेले आणि दार आपटलं. ते दार त्यांचंच होतं, पण आपटलं. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यांना सून विमानात बसलेली बघायची होती. आणि आपल्या हौसेच्या नावानेच तिची वाट अडवली, हे त्यांच्या मनाला कुठे तरी लागलं होतं. तोंडाने मात्र त्या दिल्लीवाल्यांनाच शिव्या देत होत्या.

सकाळी नळावर ही बातमी गेली, आणि तिथे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पाण्याला नंबर लावून बसलेल्या बायका एकेक करून बोलू लागल्या. एक म्हणाली, मी तर माहेरी चिंगी. दुसरी म्हणाली, माझं नाव अनसूया, हे कुणाला ठाव बी न्हाई हितं. शिंपीणकाकू, ज्यांना सगळी गल्ली शांताबाई म्हणून ओळखायची, त्या हळूच म्हणाल्या, "मी हौसा." आणि एवढ्या मोठ्या बाईने पदर तोंडाला लावला. वर्षानुवर्षं एका नळाला पाणी भरलेलं, आणि कुणाला कुणाचं पहिलं नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी हंडे भरून वाहत राहिले आणि बायका एकमेकींना जुन्या नावांनी हाका मारून हसत होत्या.

आबा ओसरीत उभे राहून ऐकत होते. चहा हातातच गार झाला.

थोड्या वेळाने आमच्या दारावर थाप पडली. उघडलं तर दारात आबा, अंगात तो जुना काळा कोट. रिटायर झाल्यापासून तो ट्रंकेत होता. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"सिस्टर," ते म्हणाले, "आमच्या हिला जलमभर पासावर फिरवली. नाशिक, नागपूर, कलकत्ता. पासावर नाव कंचं, तर मी ठेवलेलं. माहेरचं दुसरंच व्हतं. म्हंजी माझ्याच बायकोला मी दुसरीच्या नावावर फिरवली काय?"

त्यांच्या पत्नीला जाऊन बराच काळ झाला होता, आणि तिच्याविषयी ते प्रथमच बोलत होते.

"न्हाई," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "ती एकच व्हती. मला ठाव हाय ना. पन त्यांना ठाव न्हाई. त्यांची चूक न्हाई, तुमचीबी न्हाई. कुनाचीच चूक न्हाई म्हंजी इलाज हाय. चला."

असे आम्ही शिरूरच्या एस.टी.त बसलो. लग्न शिरूरला झालेलं, तेव्हा दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र तिथल्या मामलेदार कचेरीतून मिळावं, असा बेत. कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने स्पष्ट सांगितलं, लग्नाची कुठे नोंद नाही, तेव्हा दोन्ही नावं एकत्र असलेला काहीतरी पुरावा आणा, आणि माहेरचा एक व सासरचा एक, असे वडीलधारे साक्षीदार. नाहीतर गॅझेटात नाव छापून आणा, त्याला महिने लागतील. महिने आमच्याकडे नव्हते.

तिथून बाजारात आईकडे गेलो. आई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती. आबांनी सगळं समजावून सांगितलं. आई जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत राहिली.

"कौसल्या माझी लेक हाय म्हनून कुठंबी अंगठा देती," ती म्हणाली. "पन त्या दुसऱ्या नावाची माझी कुनी न्हाई. मी तिला वळखत न्हाई."

"आई, अगं माझं काम अडलंय," मी म्हणाले.

"तुझं अडलंय ना? मग कौसल्या म्हनून जा की."

सासूबाईंकडे वेगळं काही नव्हतं. त्या बाईच्या शेजारी मी उभी राहणार नाही, असं त्यांनी चुलीकडे तोंड करून सांगितलं. पुरावाही सापडेना. लग्नपत्रिकेवर कौसल्या, फोटोच्या मागे यशोधरा, पण दोन्ही एकत्र कुठेच नाहीत. मुदत सरत चालली. मी रडकुंडीला आले होते, आणि रडणं मला येत नाही म्हणून सगळ्यांवर ओरडत होते. नवऱ्याने तर शेडमध्ये जादा पाळ्या घ्यायला सुरुवात केली, घरी यायला नको म्हणून.

आणि मग एका सकाळी सासूबाई अंगणात पितळी हंडा घासत बसल्या होत्या. माझ्या लग्नातला. आमच्याकडे भांडं द्यायचं म्हणजे दुकानात त्यावर नाव घालून घ्यायचं, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कुणी दिलं ते राहतं. सासूबाईंनी चिंच-राखेने हंडा लखलखीत केला आणि उन्हात पालथा घातला. आबा दात घासत होते. सवयीने त्यांचा हात पुढे आला, मग मान पुढे आली. ते तसेच खाली बसले. घरादारात आबा कुठे बसले, हेच मी प्रथम पाहत होते.

हंड्याच्या पोटावर लिहिलं होतं, चि. कौसल्या हिस आईकडून, शिरूर. त्यातलं कौसल्या ठिपक्यांची आडवी रेघ मारून खोडलेलं. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरांत, सौ. यशोधरा. लग्नानंतर सासूबाईंनी हंडा भांड्याच्या दुकानात नेऊन हे करवून आणलं होतं. मी रोज त्यातलं पाणी पीत होते आणि ही रेघ मला दिसत असूनही दिसत नव्हती.

आबांच्या तोंडातून दंतमंजनाचा फेस गळत होता. "मिळालं!" ते ओरडले. "सिस्टर, मिळालं!"

"माझा हंडा हाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "कुठं न्यायचा न्हाई."

"मग तुमीबी चला, आक्का. मालासंगं मालक पाहिजेच."

सासूबाई विहिणीसाठी आल्या नसत्या, पण हंड्यासाठी आल्या. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, हंडा टपावर टाका. आबांनी नकार दिला, तो मांडीवर घेतला आणि स्टँडच्या खिडकीवर आधीच घेतलेली तिकिटं कोटाच्या खिशातून काढून अशा आनंदाने पुढे केली, की कंडक्टरने ती उलटसुलट करून पाहिली. तिकीट दाखवायला मिळालं की आबांना सण असायचा.

आईला त्यांनी एवढंच कळवलं होतं, की कचेरीत येऊन कौसल्या माझी मुलगी असं सांगायचं आहे. ती बाजार सोडून आली, हातपाय धुऊन, नवं लुगडं नेसून. मामलेदारसाहेबांच्या टेबलावर आबांनी हंडा ठेवला. साहेब चष्मा लावून वाचू लागले. आणि आई पुढे झाली.

तिने तो हंडा लग्नानंतर प्रथमच पाहिला. खोडलेल्या नावावर तिचा हात गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, संपलं. आता आई पाठ फिरवून निघून जाईल आणि माझा कॅनडा शिरूरच्या कचेरीत बुडेल.

"खोडलंत व्हय?" आई म्हणाली. "माझ्या आईचं नाव खोडलंत?"

"खोडलं," सासूबाई म्हणाल्या. "पन हंडा मोडीत घातला न्हाई. रोज घासती मी. तुमची लेक एक दिस घासत न्हाई."

"तिला दवाखान्यातनं सवड कुठं हाय? रातपाळ्या करून पोरीचं निम्मं अंग ऱ्हायलं न्हाई. तुमी काय खायला घालता तिला?"

"मी? आवो, तिच्या शिकवनीपायी मी चुलीम्होरनं हालले न्हाई! साऱ्या दौंडात इंग्रजी बोलनारी एकली माझी सून हाय!"

"शाळेत मी घातली तिला! भाजी इकून! सातवीत पयली आली तवा तुमी कुठं व्हता?"

"आन् नर्सिंगला कुनी घातली? लगीन झाल्यावर कोन घालतं सुनंला? मी घातली! लोकं नावं ठेवत व्हती!"

कारकून उठून उभा राहिला होता. बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन थांबली होती. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी दोघींना थांबवायला बोटही हलवलं नाही. हात मागे बांधून ते मामलेदारसाहेबांकडे पाहत होते.

साहेबांनी चष्मा काढला. "एक मिनिट," ते म्हणाले. "भाजी विकून शाळेत घातली ती, आणि लग्नानंतर नर्स झाली ती, या एकच बाई आहेत?"

"मग काय दुसरी हाय?" दोघी एकदमच ओरडल्या.

आपण दोघी मिळून काय बोललो, ते त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आई सासूबाईंकडे पाहू लागली, सासूबाई हंड्याकडे.

"लिहून घ्या," मामलेदारसाहेब कारकुनाला म्हणाले. "असा पुरावा मला या खुर्चीत कधी मिळाला नव्हता."

कागद तयार झाला. त्यात दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. आईने अंगठा दिला. सासूबाईंनी दिला. शाई पुसायला एकच फडकं होतं, ते सासूबाईंनी आधी विहिणीपुढे धरलं. निघताना आईने हंडा उचलून कडेवर घेतला, आणि स्टँडपर्यंत तिनेच नेला. वाटेत दोघी माझ्याविषयी बोलत होत्या. मी घरात कशी काही करत नाही यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं होतं.

दिल्लीला मी आणि नवरा गेलो. आबांनी बजावलं होतं, तिथं रडगाणं गायचं नाही, पाया पडायचं नाही, विचारलं तेवढं सांगायचं. मी तसंच केलं. वकिलातीतल्या साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, आतून एक पाकीट मागवलं. कौसल्येचा निकाल तिथेच होता, मालकीण सापडत नाही म्हणून बाजूला पडलेला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मला इंग्रजीत बरंच काही विचारलं. मी थांबले, विचार केला, बोलले. त्यांनी मला आधी दिलेला नकार रद्द केला आणि अर्ज मंजूर झाल्याचं सांगितलं. बाहेर आल्यावर नवऱ्याने भर रस्त्यात मला उचललं, आणि खाली ठेवताना स्वतःच लाजला.

परतीची गाडी दौंडात शिरली तेव्हा सकाळचं स्वच्छ ऊन पडलं होतं. दारातूनच मला ते तिघं दिसले. सासूबाई, त्यांना चिकटून उभी असलेली माझी आई, आणि काळ्या कोटातले आबा. परतीची गाडी त्यांना ठाऊक होती, पण काय झालं त्याची तार मी केली नव्हती, मला तोंडानेच सांगायचं होतं. गाडी पुरती थांबायच्या आत मी उडी मारली आणि धावत सुटले.

"आबा, सोडलं हो!" मी ओरडले. "सोडलं त्यांनी मला!"

आई आणि सासूबाईंनी एकमेकींना घट्ट धरलं. दोघींपैकी कोण रडतंय ते कळत नव्हतं. आबा मात्र हसले नाहीत. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय म्हनलात?"

"सोडलं त्यांनी."

"सोडलं म्हनायचं न्हाई, सिस्टर," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय म्हणून ते आणखी चिडत होते. "सोडत्यात ते बिनतिकिटाला. दया आली म्हनून. तुमी परीक्षा दिली. तुमी पास झाला. दोन्ही नावं तुमची. त्यास्नी फकस्त नीट बघायचं व्हतं, आता बघितलं त्येंनी. तुमच्यावर कुनी उपकार केला न्हाई. आता नीट सांगा."

हमाल थांबले होते. आमच्या डब्यातली माणसं खिडक्यांतून डोकावत होती. मी पदर सावरला, श्वास घेतला, आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"आबा, मी पास झाले. मी चालले."

"हां," आबा म्हणाले, आणि मग त्यांनी रडायला सुरुवात केली.